समुद्रकाठी खणलेला झिरा

माझ्या माहेरची माणसं लग्नाकार्यात भेटली की अजूनही म्हणतात, कले, तुला तर तात्यांनी चौदाव्या वर्षी कोकण दाखवलं, आपल्यातल्या बायांनी तोवर पुण्याच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं. पूर्वी मी गप्प बसायची. आता बसत नाही. त्या चार दिवसांत मी कोकणातलं काय बघितलं ते सांगते: मालट्रकचं मागचं फळकं, तीन दगडांची चूल, पिठाची परात, आणि वाळूत माझ्याच हातांनी खणलेले खड्डे. समुद्र बघितला, कारण तो समोरच होता. त्याबद्दल मी कुणाचे उपकार मानत नाही.

आमचं गाव काष्टीच्या अलीकडं, घोड नदीच्या काठावर. घरात लहानमोठी चौदा माणसं, आणि त्या चौदांवर तात्या, म्हणजे माझे थोरले चुलते. पहाटे ते अंगणात येऊन एकदा खाकरले की घर उठायचं. जात्याची घरघर, मग म्हशीच्या धारेचा आवाज, मग भाकरी थापल्याचा आवाज, हे सगळं त्या खाकरण्याच्या मागून. माझे वडील तात्यांपेक्षा दहा वर्षांनी लहान होते आणि आवाजानं त्याहूनही लहान. तात्या म्हणाले बैल विकायचा की विकायचा, तात्या म्हणाले पोरगी शाळेत नको की नको. चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात माझं दप्तर खुंटीला लागलं आणि त्यात आईनं मिरच्यांचं बी भरून ठेवलं. आमच्या घरी भुकेचे हाल नव्हते. जोंधळ्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं, बाजाराच्या दिवशी काष्टीहून आणलेली भेळ. हाल होते ते पाण्याचे. होळी झाली की विहिरीचं पाणी जनावरांना पुरवायचं आणि माणसांनी नदीत झिरा काढायचा.

झिरा म्हणजे कोरड्या नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. सोपं वाटतं, तसं नाही. पहाटे वाळू जिथं काळपट दिसते तिथं बसायचं. करवंटीनं कोपरभर उकरायचं, कडा ढासळू द्यायच्या नाहीत. पहिलं पाणी गढूळ, ते काढून टाकायचं. मग हात आखडून बसायचं. हळूहळू तळातून निवळ पाणी पाझरतं, ते वाटीवाटीनं घागरीत. एका घागरीला तासभर. या कामात गावात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. म्हाताऱ्या बायासुद्धा विचारायच्या, कले, आज कुठं बसू. अशा मुलीला चौथीत गुरुजींनी सांगितलं होतं की कोकणात भर समुद्रात एक किल्ला आहे, चारी बाजूंना खारं पाणी, आणि किल्ल्याच्या पोटात गोड्या पाण्याचं तळं. मी ते ऐकलं आणि माझं बाकी काही ऐकण्यात लक्ष लागेना. खाऱ्याच्या मधोमध गोडं कसं राहतं? कोण कडा धरून ठेवतं? गुरुजींना मी दोनदा विचारलं, त्यांनाही नीट सांगता आलं नाही.

म्हणून तात्यांनी भावकीतल्या गड्यांची कोकणची सहल काढायचं ठरवलं, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला किल्ल्यातलं तळं बघायचंय. तात्या हसले. म्हणाले, जोंधळा काढून दे, मग बघू. त्या साली मजूर मिळत नव्हते. मी वीस दिवस जोंधळा उपटला. दोन्ही तळहातांची सालं निघाली, रात्री आई त्यावर तेल चोळायची. शेवटची पेंढी बांधली त्या संध्याकाळी तात्या म्हणाले, "चल. काकीच्या हाताखाली कामाला व्हशील. किल्ला दावीन." मी शब्दावर विश्वास ठेवला. माझी चूक झाली ती एवढीच.

निघायच्या आदल्या दिवशी अंगणात सामान बघून कुणालाही वाटलं असतं आम्ही ओसाड रानात राहायला चाललोय. जोंधळ्याचं पीठ दोन पोती, बेसन, कांदे, ठेच्याची बरणी. कोकणात चार पावलांवर लाकूडफाटा, पण आम्ही गोवऱ्यांचं पोतं घेतलं आणि चुलीचे तीन दगडसुद्धा घेतले. आणि घरच्या विहिरीच्या पाण्याची दोन पिंपं. तात्यांचा नियम असा की कोकणच्या पाण्याचा थेंब पोटात जाऊ द्यायचा नाही, त्यानं हत्तीपाय होतो. कुणाकडून ऐकलं देव जाणे, पण पहिल्याच दिवशी घाट उतरल्यावर चहाच्या टपरीवर एक माणूस सुजलेला पाय बाकावर ठेवून बसलेला दिसला आणि नियम दगडात कोरला गेला. आईनं माझ्या बोचक्यात तिचं एकुलतं एक चांगलं लुगडं घातलं. मला आश्चर्य वाटलं. ते लुगडं ती मला हातही लावू द्यायची नाही.

ट्रकात नऊ गडी, काकी आणि मी. गड्यांत एक जण आमच्या भावकीतले नव्हते. कर्जतकडचे, तात्यांच्या ओळखीचे, पांढरा फेटा, कंबरेला पानाची चंची. त्यांना सगळे पाहुणे म्हणत, म्हणून मीही. काकी म्हणजे तात्यांची बायको, जाड बांध्याची, कमी बोलणारी. घाट उतरताना तिला उलट्या झाल्या आणि मी तिचं डोकं धरलं, त्यामुळे घाटही मी पाहिला नाही. खाली आल्यावर माती लाल, घरं लाल, हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटणारी. दोन्ही बाजूंना नारळ आणि सुपारीच्या बागा. गडी फळक्यावर उभे राहून एकमेकांना बोटानं दाखवत होते. मी पिंपावर बसले होते, पाणी हिंदकळू नये म्हणून.

प्रेक्षणीय म्हणून जे जे असतं ते सगळं त्या गड्यांनी पाहिलं. लाटा पायऱ्यांना लागतात असं देऊळ पाहिलं, त्याच्यामागची खडकातली प्रदक्षिणा पाहिली. सुरूच्या बनात झोपले. सूर्य पाण्यात बुडताना पाहिला आणि परत येऊन सांगितलं की तो तव्याएवढा होता. मी तेव्हा खरोखरीच्या तव्यापुढं होते. अकरा माणसांच्या दोन वेळच्या भाकऱ्या काही हसत होत नाहीत. देवळात मला आणि काकीला शेवटी पाच मिनिटं नेलं, हात जोडले, परत चुलीकडं. पाहुणेही फारसे हिंडत नव्हते. पोत्याला टेकून पान जमवत चुलीजवळ बसायचे. मधूनच विचारायचे, किती शिकलीस, एका दमात किती भाकऱ्या करतेस, डोकं बिकं दुखतं का. मला वाटलं त्यांना पाण्याची भीती वाटते म्हणून ते समुद्राकडं जात नाहीत. मला त्यांची कीवच आली. आता ते आठवलं की माझ्याच मूर्खपणाचा राग येतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यावर उतरलो. किल्ला दिसला. गुरुजींनी सांगितला तसाच, पाण्यातून सरळ उठलेल्या भिंती. शिडाच्या होड्या माणसं भरून तिकडं जात होत्या आणि येत होत्या. गड्यांनी आधी समुद्रात अंघोळी उरकल्या. मिठानं अंग खाजायला लागलं तसे बोंबलत ट्रकाकडं आले आणि उरलेलं सगळं पिंप तांब्यातांब्यानं अंगावर ओतून घेतलं. घरच्या विहिरीचं पाणी, जे दोन दिवस मी मांडीखाली जपलं होतं, ते वाळूत गेलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की स्वयंपाकाला पाणी नाही.

तात्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला म्हणाले, "कले, घागर घे न् झिरा काढ. वाळू तर हाय."

मी म्हटलं, "तात्या, हितलं पानी खारट आसंल. गुर्जींनी सांगितल्यालं."

"वाळूखालचं पानी गोडच आसतं. वाळू गाळून घेती त्याला. चौथी शिकली म्हंजी लई शानी झाली का? आमी काय नद्या बगितल्या न्हाईत?"

गडी हसले. एक जण म्हणाला, हिलाच किल्लेदार करा, लई माहिती हाय. तात्यांनी सांगितलं, झिरा लागला की ये, होड्या चालूच असतात. आणि ते सगळे होडीकडं गेले. पाहुणेसुद्धा, फेटा सावरत.

मी खणायला बसले. मनात शंका होती, पण हाताला ते काम इतकं सवयीचं की हात पुढं गेले. वीत दोन वीत उकरलं तोच पाणी भसकन वर आलं. आमच्याकडं तासभर वाट बघावी लागते, इथं खड्डा भरून वाहिला. क्षणभर मला वाटलं तात्या बरोबर बोलले. ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकले. मग लाटांपासून लांब सरकले, दुसरा खड्डा. मग तिसरा. पाणी लवकर लागेना, म्हणून मला वाटलं आता गोडं असेल. तेही खारट. जोंधळ्यानं सोललेल्या हातांना अजून नवी कातडी धरत होती. एक होडी निघाली, मग दुसरी. प्रत्येक वेळी मी उभी राहून बघायची आणि परत खाली बसायची. पाचवा खड्डा मी सुरूच्या झाडांच्या मुळांपर्यंत नेला.

मध्ये एक सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी नातवानं मला त्या किल्ल्यात नेलं. होडीला आता इंजिन आहे. तळ्यात हिरवं शेवाळ आणि त्यावर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. काठावर लोक पाठ करून मोबाईलवर स्वतःचे फोटो काढत होते. नातू म्हणाला, आजी, कसं वाटलं. मी म्हटलं, घाण वाटली. त्याला वाटलं मी तळ्याबद्दल बोलतेय.

तर पाचव्या खड्ड्याशी काकी आली. म्हणाली, "बस कर गं. गोडं लागलं तरी तुला काय त्या व्हडीत बसवायचं न्हाई."

मी का म्हणून विचारलं. काकी उकिडवी बसली आणि वाळूकडं बघत सगळं सांगितलं. पाहुणे कोकण बघायला आलेच नव्हते. त्यांचा मुलगा लग्नाचा होता. चार दिवस पोरगी राबताना डोळ्यांनी बघतो, मगच सुपारी फोडू, असं त्यांनी तात्यांना सांगितलं होतं. घरी येऊन पोहे खाऊन पोरगी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आदल्या रात्री त्यांनीच विचारलं, पोरगी गड्यांच्या मांडीला मांडी लावून होडीत बसणार का? आणि तात्यांनी लगेच सांगितलं, छे, ती कशाला.

"आयला ठावं हाय?" मी विचारलं.

"मंग तिचं लुगडं उगंच दिलं व्हय तुला?" काकी म्हणाली.

तोवर मला रडू येत होतं. आईचं नाव निघालं आणि ते थांबलं. तेल चोळणारा आईचा हात मला आठवला, त्या हातालाही माहीत होतं. डोक्यात काहीतरी तापलं ते आजतागायत पुरतं निवलेलं नाही.

तेवढ्यात किनाऱ्यानं एक कोळीण डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. माझे ओळीनं पाच खड्डे बघून ती थांबली, काय हरवलं म्हणून विचारलं. मी झिऱ्याचं सांगितलं. ती इतकी हसली की पाटी खाली ठेवावी लागली. "अगो पोरी, दर्याचं पानी कवा गोडं झालंय? वर बाव हाय ना." बाव म्हणजे विहीर. सुरूच्या मागं, माडांच्या वाडीत, वीस पावलांवर. तिनं मला हाताला धरून नेलं, आपल्या हातानं शेंदून दिलं. नारळाच्या सावलीतलं गार पाणी. मी पोट फुटेस्तो प्यायले. घागर भरून घेतली. परत आले तर किल्ल्याकडून एक होडी निघालेली दिसली, त्यात पांढरा फेटा.

मी चूल पेटवली. भरलेली गोड्या पाण्याची घागर बाजूला ठेवली, पातेलं उचललं आणि पहिल्या खड्ड्याकडं गेले, जो लाटांच्या अगदी जवळ होता. तिथलं पाणी पातेलंभर आणलं. काकी म्हणाली, घागर भरली हाय की गं. मी म्हटलं, "ती कोकनची हाय. पाय सुजत्याल. तात्यांनी झिऱ्याचं पानी सांगितलंय." काकीनं माझ्याकडं पाहिलं. मग तोंड फिरवून कांदे चिरायला लागली, आणि तिचे खांदे हलताना मला दिसले. सव्वीस भाकऱ्या मी त्या पाण्यात मळल्या. पिठलंही त्यातच. वेगळं मीठ टाकायची गरज नव्हती. घाईनं नाही, एकेक भाकरी नीट गोल थापली, पापुद्रा सुटेल अशी शेकली. इतक्या सुबक भाकऱ्या मी त्याआधी केल्या नव्हत्या.

गडी आले, भुकेनं कासावीस. किल्ल्याच्या तोफांबद्दल बोलत बसले. तात्यांनी आणि पाहुण्यांनी पहिला घास बरोबरच घेतला. तात्यांचं तोंड वाकडं झालं, त्यांनी घास वाळूत थुंकला. बाकीचे एकमेकांकडं बघायला लागले. एकानं पिठल्यात बोट बुडवून चाटलं आणि उठूनच गेला. पाहुणे मात्र चावत राहिले. गिळलं. मग विचारलं, पानी कुठलं?

मी उभी होते. म्हटलं, "झिऱ्याचं. तात्यांनी सांगितलं तसं केलं. वाळूखालचं पानी गोडच आसतं."

तात्या हात उगारून उठले. मी मागं सरले नाही. मला तो मार हवा होता. मार बसला असता, पाहुण्यांनी पोरगी नापास केली असती, आणि मी सुटले असते. पण पाहुण्यांनी तात्यांचा हात धरला.

"मारू नका," ते म्हणाले. "मागं बाव हाय, सकाळी मीच तितं तोंड धुतलं. पोरगी त्या बावीला गेली न्हाई. तुमी सांगितलं तितंच खनत बसली, न् त्याच पान्याच्या भाकरी केल्या. तोंडातून शबूद न्हाई. आमच्या घरात आसंच मानूस लागतं." आणि त्यांनी माझ्यासमोर दुसरी भाकरी मोडून घेतली. माझ्या भाकरीतलं मीठ त्यांना कळलं, माझं म्हणणं कळलं नाही. तात्यांचा उगारलेला हात खाली आला तो माझ्या पाठीवर, शाबासकीचा. माझी पुतणी, म्हणाले. भरलेली घागर चुलीमागं तशीच होती, कुणी बघितली नाही. काकीला सगळं माहीत होतं आणि काकी बोलली नाही. मीही नाही. आता बोलले तर खोटं वाटेल असं वाटलं.

तिथंच, ट्रकाच्या सावलीत, सुपारी फुटली. काकीनं मला आईचं लुगडं नेसवलं आणि पदरात नारळ घातला. घरी पोचलो तेव्हा आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. समुद्र कसा हाय गं, तिनं विचारलं. मी आत जाऊन लुगडं सोडलं, घडी न घालता तिच्या पायाशी टाकलं आणि म्हशीच्या गोठ्यात गेले. लग्नापर्यंत मी तिच्याशी कामापुरतं बोलले. ती गेली तरी ते अंतर पुरतं भरून आलं नाही, आणि मी ते भरायचा प्रयत्नही केला नाही.

सासरी गेले तर मामंजींनी, म्हणजे त्याच पाहुण्यांनी, ती गोष्ट माझ्याआधीच घरात आणून ठेवली होती. दारात आलेल्या प्रत्येकाला सांगायचे. मी चहा घेऊन उभी असायची आणि ते म्हणायचे, ही आमची सून, सांगितलं म्हणून समुद्राच्या पाण्यात भाकरी केली, उलट बोलली न्हाई. वाडीतल्या नव्या सुनांपुढं माझं उदाहरण दिलं जायचं. त्या पोरी माझ्याकडं अशा बघायच्या की मला लाज वाटायची. मामंजी गेले तसे नवरा सांगायला लागला, नवरा गेला तसा मुलगा. आधी मी नवी म्हणून गप्प, मग लेकरं लहान म्हणून, मग सवय म्हणून. माझा सगळ्यात मोठा राग या लोकांनी माझा सगळ्यात मोठा गुण करून टाकला आणि मी तो पन्नास वर्षं चहाच्या कपाबरोबर देत राहिले.

गेल्या महिन्यात माझ्या नातीला बघायला पाहुणे आले. मुलीचं वळण सांगायची वेळ आली तसं माझ्या मुलानं सुरू केलं, आमच्या आईचं सांगतो, एकदा कोकणात गेल्ती. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. पदर खोचलेला होता, तसाच. म्हटलं, थांब, मीच सांगते. बाव कुठं होती, घागर कुणी भरली, पाणी कुठल्या खड्ड्यातलं आणलं आणि का आणलं, सगळं सांगितलं. मला तात्यांचं ऐकायचं नव्हतं, मला लग्न मोडायचं होतं, हेही सांगितलं. पाहुण्यांचे कप हातात राहिले.

मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "आई, पाव्हन्यांम्होरं काय हे."

मी म्हटलं, "त्यांनाबी कळू दे. ही माझी नात हाय."

मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पाहुण्यांचा निरोप अजून आलेला नाही. त्या दिवशी रात्री नात ताट घेऊन माझ्याजवळ बसली होती. लग्नाचं काही बोलली नाही. जेवता जेवता तिनं विचारलं, आजी, तुझे हात सोललेले होते ना, त्या पाण्यात पीठ मळताना झोंबलं नाही का? झोंबलं होतं. दुसऱ्या भाकरीपासून डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी ते धुरावर ढकललं होतं. आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं.